मिरज ते विजापूर: आपल्या घरातली दखनी आणि जनगणनेचा रकाना

मिरज जंक्शनवर बेळगाव-हुबळीकडची गाडी लागली की फलाटावर तीन भाषा एकदम कानावर येतात. मिरज हे दवाखान्यांचं गाव. रायबाग, चिकोडी, अथणीकडची माणसं पेशंट घेऊन इथे उतरतात. एखादी बुरखा घातलेली बाई रिक्षावाल्याशी मराठीत भाडं ठरवते, फोनवर घरमालकिणीशी कानडीत बोलते आणि कडेवरच्या पोराला म्हणते, "रो नक्को बेटा, अब्बा अभीच आतैं."

हे शेवटचं वाक्य आपल्यापैकी कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. पण ही भाषा कुठली, असं त्याच बाईला विचारा. ती जरा थांबेल. मग ओशाळून म्हणेल, "उर्दूच है जी, पर साफ नै."

हा 'साफ' शब्द सीमाभागातल्या मुसलमानांच्या मागे फार दिवस लागलाय. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेडचा कर्नाटकाला लागून असलेला पट्टा आणि पलीकडचे बेळगाव, विजापूर, कलबुर्गी, बीदर हे जिल्हे, एवढ्या मुलखात लाखो घरांत आपण जे बोलतो ते दखनी. जुनी माणसं तिला 'मुसलमानी' म्हणतात, शाळेत तिला 'अशुद्ध हिंदी' म्हणतात आणि उत्तरेकडून आलेला पाहुणा 'बिगड़ी हुई उर्दू' म्हणतो. रिश्त्याच्या बैठकीत मुलीची तालीम, स्वयंपाक, सगळं पसंत पडतं आणि जाता जाता कुणीतरी बोलून जातं, "बस, ज़बान ज़रा दुरुस्त करा लीजिए." मुलगी जत किंवा अक्कलकोटची असते. घरातले मान खाली घालतात. दुरुस्त करण्यासारखं काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवं. जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषेचा, म्हणजे मादरी जबानचा, रकाना असतो आणि यावेळची जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख धरून होत आहे. त्या रकान्यात आपण काय सांगणार, याचा विचार प्रगणक दारात उभा असताना सुचत नाही.

दिल्लीहून निघालेली, दक्खनमध्ये वाढलेली

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून तिथे राजधानी नेली, हे आपण शाळेत शिकलो. पुस्तकात ती एका बादशहाची लहर म्हणून येते. भाषेच्या दृष्टीने मात्र ती फार मोठी घटना होती. शिपाई, कारागीर, सूफी, त्यांची बायकापोरं दिल्ली-पंजाब-हरियाणाकडची त्या वेळची बोली घेऊन इकडे आली आणि पुष्कळ जण इथेच राहिले. १३४७ मध्ये बहमनी सलतनत वेगळी झाली आणि दिल्लीशी नातं तुटलं. पुढची साडेतीनशे वर्षं ही बोली मराठी, कानडी आणि तेलुगूच्या शेजारात वाढली.

म्हणून दखनीत दोन थर सापडतात. एक थर जुना, उत्तरेकडचा. आपण 'लोगाँ', 'बाताँ', 'औरताँ' म्हणतो. लखनौचा माणूस हसतो. पण पंजाबीत आजही अनेकवचन असंच होतं. जुन्या दखनी पुस्तकांत 'और' च्या जागी 'होर' दिसतं, पंजाबी माणूस आजही 'होर' म्हणतो. म्हणजे आपण काही बिघडवलं नाही. आपण जे सांभाळलं, ते दिल्लीने पुढे टाकून दिलं.

दुसरा थर इथल्या मातीचा. 'नक्को' हा मराठीचा 'नको', हे वेगळं सांगायला नको. तो फक्त आपल्या पट्ट्यातच राहिला असं मात्र नाही. हैदराबादेत, बंगळूरच्या मोहल्ल्यांत, अगदी चेन्नईच्या दखनी घरांतही पोराला 'जाओ नक्को' असंच म्हणतात. दखनीच्या पाठीवर बसून मराठीचा एक शब्द एवढा लांब गेला. तसाच तो 'च'. 'अभीच', 'ऐसाइच', 'मैंइच'. उत्तरेकडची उर्दू इथे 'ही' लावते. आपण मराठीसारखा 'च' चिकटवतो.

उच्चारांचं बघा. उर्दूचे उस्ताद 'हाथ' म्हणायला शिकवतात, आपल्या तोंडी 'हात' येतं. 'भूख' ची 'भूक' होते, 'भीख' ची 'भीक', 'समझ' ची 'समज'. आता हेच शब्द मराठीत म्हणून बघा: हात, भूक, भीक, समज. दोन्ही भाषांनी शेवटचा हकार गाळलाय. जो मुलगा मराठीच्या तासाला 'हात' लिहून मार्क मिळवतो, त्यालाच उर्दूच्या तासाला 'हात' म्हटल्याबद्दल ओरडा बसतो.

कानडीचा वाटा पटकन दिसत नाही, कारण तो शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीत आहे. 'तो म्हणाला, येतो' हे उर्दूत 'उसने कहा कि आऊँगा' असं होतं, 'कि' मधे येतो. कानडीत म्हणतात, 'बर्तीनि अंत हेळिद'. मराठीत, 'येतो म्हणून म्हणाला'. आणि आपण? 'आतूँ बोलके बोल्या'. शब्द उत्तरेचे आहेत, पण सांगाडा तोच आहे जो विजापूरच्या बाजारात कानडी माणूस वापरतो आणि सांगलीच्या बाजारात मराठी माणूस.

'ने' चंही तसंच. 'मैंने रोटी खाई' ऐवजी आपल्याकडे पुरुष 'मैं रोटी खाया' म्हणतो आणि बाई 'मैं रोटी खाई'. परीक्षेत ही चूक धरतात. मराठी 'त्याने भाकरी खाल्ली' म्हणते, म्हणजे तिने 'ने' ठेवलाय. तेव्हा ही सवय मराठीकडून आली असं म्हणता येणार नाही. कानडी आणि तेलुगूत असा 'ने' नसतोच, क्रियापद सरळ कर्त्यामागून जातं. दखनी त्या बाजूला झुकली.

(एक गंमत. हैदराबादी माणसाचं 'परसूँ' तीन दिवसांपूर्वीचं असू शकतं आणि तीन वर्षांपूर्वीचंही, यावरून बरेच विनोद आहेत. पण आपला मराठी माणूस "परवा भेटलो होतो की" म्हणतो, तेव्हा तो तरी कुठे दिवस मोजतो?)

सरहद्द तेव्हाही इथेच होती

हा मुलूख दोन राज्यांच्या मधे सापडणं नवीन नाही. बहमनी फुटली, अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही उभी राहिली, तेव्हा सोलापूरसाठी दोघांत लढाया झाल्या. निजामशाहीची चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापूरकडे गेलं. त्या चांदबीबीला फारशी-अरबीबरोबर मराठी आणि कानडीही येत होती, असं इतिहासकार नोंदवतात. आदिलशाहीचे फारशी-मराठी असे दुभाषी कागदही आज पाहायला मिळतात.

त्याच विजापुरात दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने (राज्य १५८० ते १६२७) 'किताब-ए-नौरस' दखनीत लिहिली. सरस्वती आणि ख्वाजा बंदानवाज गेसूदराज, दोघांचं स्मरण त्या एकाच पुस्तकात आहे. गोवळकोंड्यात मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' लिहिलं, ते दखनी गद्य. दिल्लीचे शायर त्या काळात फारशीत लिहीत होते. आपल्या औरंगाबादचा वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला आणि पुढे त्याचा दीवान तिथे पोचला, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना वाटलं की घरच्या जबानमध्येही गझल होऊ शकते. आपल्या भाषेला 'बिगड़ी हुई' म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा देताना एवढं सांगायला हरकत नाही.

पण मला या सगळ्यात दरबारापेक्षा जातं जास्त महत्त्वाचं वाटतं. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची गाणी आहेत, दळताना आणि सूत कातताना बायकांनी म्हणायची. साध्या दखनीत. जात्याचा दांडा उभा असतो, त्याला 'अलिफ' ची उपमा दिलेली, आणि तिथून अल्लाहच्या नावाकडे वाट जाते. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवर लिहिताना या गाण्यांकडे लक्ष वेधलं: दक्खनच्या घराघरात दीनची ओळख मोठ्या ग्रंथांपेक्षा या बायकांच्या गाण्यांतून झाली, असं त्याचं म्हणणं आहे. शेजारच्या मराठी घरात त्याच पहाटे जात्यावर ओव्या चालल्या असणार. दोघींचं जातं एकच, कामही एकच, आणि बहुधा एकमेकींच्या चालीही ओळखीच्या.

तेव्हा 'मादरी जबान' हा शब्द आपल्या बाबतीत शब्दशः खरा आहे. ही भाषा आयांनी चालवली. मदरशात अरबी-उर्दू, कचेरीत मराठी किंवा कानडी, आणि चुलीपाशी दखनी.

हेल कुणाचा?

सीमाभागातला मुसलमान मराठी बोलतो तेव्हाही त्याला हेलावरून ओळखलं जातं. पण हा हेल मुसलमानाचा असतो का? सोलापुरात 'काय करलालास' म्हणतात, लातूर-उदगीरकडं 'काय करायलास'. बेळगावात वाक्याच्या शेपटीला 'की ओ' येतं. तिथला लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान सगळे तसंच बोलतात. पुण्याच्या कॉलेजात गेल्यावर मात्र फरक पडतो. लिंगायत मुलाला विचारतात, "सोलापूरचा का रे?" मुसलमान मुलाला म्हणतात, "तू मुसलमान असून मराठी चांगलं बोलतोस." सोलापूरच्या आमच्या पोराला आपण कौतुक ऐकलं की टोमणा, हे बराच वेळ कळत नाही.

पु. ल. देशपांडे यांनी 'रावसाहेब' लिहिलं आणि बेळगावी मराठीचा कानडी ठसका सगळ्या महाराष्ट्राने प्रेमाने ऐकला. तो हेल म्हणजे मोकळ्या, दिलदार माणसाचा हेल, असं ठरून गेलं. दखनीच्या वाट्याला ते आलं नाही. १९६५ च्या 'गुमनाम' मध्ये मेहमूदने हैदराबादी नोकर इतका झकास केला की नंतर हिंदी सिनेमात दखनी म्हणजे हसवणारा बावळट माणूस, असं समीकरणच झालं. मेहमूदचा दोष नाही. तो पडद्यावर होता म्हणून निदान ही बोली देशाने ऐकली. पण आपल्या पोरांनीही तीच गोष्ट शिकून घेतली, हे वाईट झालं. मोबाइलवर दखनीचे विनोदी व्हिडिओ ती पोटभर हसत बघतात आणि चारचौघांत आजीने फोन केला की आवाज बारीक करतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. दखनीची बाजू घेणं म्हणजे उर्दूच्या विरोधात जाणं नाही. पुस्तकी उर्दू शिकलीच पाहिजे. दीनची किताबं, तफसीर, एवढं मोठं साहित्य आणि वर्तमानपत्रं त्या उर्दूत आहेत. मुलांना ती वाचता-लिहिता आली नाही तर नुकसान आपलंच. तसंच मकतबमध्ये मौलाना 'क़ाफ़' वर अडून बसतात ते बरोबरच आहे. दक्खनच्या पुष्कळ भागात 'क़' चा 'ख़' होतो, आणि कुराणशरीफ पढताना ते चालणार नाही, तिथे तजवीदचे नियम आहेत. पण तिलावतचा नियम अम्मीशी गप्पा मारतानाही लागू करायचा, असं कुठल्याच मौलानांनी सांगितलेलं नाही. शिक्षकाने 'घरात असं बोलतात, पुस्तकात असं लिहितात' एवढं म्हटलं तरी मूल दोन्ही शिकतं. 'घरी चुकीचं बोलतात' म्हटलं की ते आधी घराला लाजतं आणि मग दोन्ही भाषांत गप्प बसायला लागतं. मराठी शाळेतल्या मराठी शिक्षकांनाही हेच लागू आहे, आणि आपल्यातली कितीतरी मुलं मराठी शाळेतच जातात.

१९५६ नंतर

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली. हैदराबाद संस्थानचं राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं: मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात, तेलंगण आंध्रात. मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड म्हैसूरकडे गेले. तेव्हापासून सीमावाद चालू आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. गावागावात मराठी बोलणारे किती, कानडी बोलणारे किती, याची मोजणी दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा झाली.

त्या मोजणीत दखनी बोलणाऱ्या घरांना बाजूच नव्हती. त्यांची उर्दू म्हणून नोंद झाली आणि विषय संपला. प्रत्यक्षात बेळगावच्या मुसलमान दुकानदाराला रोज तिन्ही भाषा लागतात, आणि आंदोलन तापलं की पाटी कुठल्या भाषेत ठेवायची हा प्रश्न त्यालाही पडतो. अलीकडे-पलीकडे सोयरिकी आहेतच. मिरजेची सून अथणीची, निपाणीचा जावई इचलकरंजीचा. सरहद्द नकाशावर आली म्हणून निकाह थांबले नाहीत.

एक चांगलं झालं. राज्य पुनर्रचनेबरोबर घटनेत कलम ३५०-अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. महाराष्ट्राची बालभारती आज उर्दू आणि कानडीतही पुस्तकं छापते. आणि सोलापुरातच १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठी ही आमचीही लिहिण्याची भाषा आहे, हे मोठ्याने सांगायची सुरुवात अशा सरहद्दीवरच्या शहरातून झाली, याचं नवल वाटायला नको.

मग रकान्यात काय?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते. मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. म्हणजे लाखो मुसलमानांनी मराठी, हिंदी किंवा दुसरी कुठली भाषा सांगितली. कोकणातल्या घरांची बोली कोकणी-मराठी, पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ खेड्यांत घरातही मराठीच. 'मुसलमान म्हणजे उर्दू' हे समीकरण आकड्यांतसुद्धा बसत नाही.

२०११ च्या वेळी प्रगणकांना दिलेल्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलायची ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी. नाव माणूस सांगेल तेच पूर्ण लिहायचं. ती भाषा दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली आहे का, हे प्रगणकाने ठरवायचं नाही. आणि धर्म व मातृभाषा यांचा संबंध जोडायचा नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. तेव्हा "मुस्लिम ना? उर्दू लिहितो" असं कुणी परस्पर म्हटलं तर थांबवायचा आपल्याला हक्क आहे.

'दखनी' सांगितलं तर काय होतं? २०११ मध्ये देशभरातून १९,५६९ वेगवेगळी नावं आली होती. खात्याने छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या आणि मग त्या मोठ्या भाषांच्या गटांत घातल्या. ज्या नावाला देशभरात दहा हजार माणसं मिळतात, ते वेगळं छापलं जातं. हिंदीच्या खाली भोजपुरी, राजस्थानी अशी पन्नासहून जास्त नावं तशी स्वतंत्र दिसतात आणि हिंदीच्या बेरजेतही धरली जातात. दखनी सांगितली तर उर्दूचा आकडा घटेल, उर्दू शाळांवर परिणाम होईल, अशी भीती आपल्यातले काही जाणते लोक बोलून दाखवतात. ती भीती खोटी म्हणून उडवून लावू नये, कारण गट कसे पाडायचे हे आपल्या हातात नाही. पण भोजपुरीचं उदाहरण बघता दखनी उर्दूच्या गटातच जाईल, असा अंदाज करता येतो. माझ्यापुरतं सांगायचं तर मी दखनी सांगणार आहे, कारण प्रश्न आई काय बोलायची असा आहे. माझ्या शेजाऱ्याच्या आईने आयुष्यभर आपल्या बोलीला उर्दूच म्हटलं. तो उर्दू सांगेल, त्याचंही बरोबर आहे.

मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही २०११ च्या फॉर्मवर विचारल्या होत्या. तो रकाना लोक घाईत मोकळा सोडतात. आपल्या पट्ट्यात तो मोकळा राहण्याचं काही कारण नाही; उलट मराठी, कानडी, उर्दू यांतल्या दोनच निवडायच्या, ही अडचण. आणि कुटुंबप्रमुखाला एकदाच विचारून सगळ्यांची भाषा भरायची नसते. प्रत्येकाला वेगळं विचारायचं, कारण एकाच घरात मातृभाषा वेगळ्या असू शकतात, असं त्याच सूचनांत लिहिलंय. तेव्हा प्रगणक आला की आतल्या खोलीतून दादीमालाही बाहेर बोलवा. अथणीहून सून म्हणून आलेल्या बाईचं उत्तर तिच्या नातवापेक्षा वेगळं असू शकतं.